संबंधमूलक जगदितिहास आणि हस्तलिखितांची साक्ष

जगाचा इतिहास विद्यार्थ्यांस कोणत्या क्रमानें व कोणत्या धोरणानें शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहतां शाळा-पाठशाळांचा दिसतो. जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांनीं व पोथ्या जमविणाऱ्यांनीं त्यांत लक्ष घालण्याचें प्रयोजन काय, असा आक्षेप निघण्यासारखा आहे. परंतु शाळेंत जो इतिहास रूढ होतो त्यावरूनच पुढील पिढीस कोणता कागद जतन करण्यासारखा व कोणता रद्दींत घालण्यासारखा, याची समजूत मिळत असते. अध्यापनाची पद्धत बदलली म्हणजे कागदांची किंमतही बदलते. म्हणून हल्लीं जी पद्धत सर्वत्र मान्यता पावत आहे, म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांच्या व संस्कृतींच्या परस्परसंबंधांवरून जगाचा इतिहास शिकविण्याची, तिचें परीक्षण संशोधकाच्या दृष्टीनें करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

जुनी पद्धत वाचकांस परिचितच आहे. मिसर, बाबिलोन, ग्रीस, रोम, मग युरोपांतील राष्ट्रें, अशीं एकामागून एक प्रकरणें मांडावयाचीं. हिंदुस्थान व चीन यांस मध्येंच कोठें तरी एकेक प्रकरण द्यावयाचें. आणि सर्व ओघ पश्चिम युरोपाच्या उत्कर्षांत नेऊन सोडावयाचा. या मांडणींत प्रत्येक देश म्हणजे भिंतींनीं बंद केलेली एक खोली असे. दोन खोल्यांमध्यें दार आहे, हें विद्यार्थ्यास बहुधा स्वारी किंवा लढाई आली म्हणजेच कळे. ही भिंत मोडण्याचे प्रयत्न विसाव्या शतकांत अनेकांनीं केले. पंडित नेहरूंनीं तुरुंगांतून कन्येस लिहिलेलीं पत्रें १९३४ पासून ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं, त्यांतही आशिया व युरोप यांस एकाच पटावर पाहण्याची खटपट आहे. विल्यम मॅकनील यांनीं १९६३ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत परक्यांशीं पडलेला संबंध हेंच समाजांतील स्थित्यंतराचें मुख्य कारण मानिलें. १९८२ मध्यें अमेरिकेंत जगदितिहासाच्या अध्यापकांची संस्था निघाली व १९९० पासून त्या विषयाचें स्वतंत्र नियतकालिक सुरू झालें. त्याचे पहिले संपादक जेरी बेंटली यांनीं १९९६ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, इतिहासाचे कालविभागच संस्कृतींच्या परस्परव्यवहारावरून पाडावे. पुढील सालीं संजय सुब्रह्मण्यम् यांनीं जोडलेल्या इतिहासांची कल्पना मांडून, सोळाव्या शतकांतील युगान्ताच्या कल्पना पोर्तुगालपासून मोगल दरबारापर्यंत एकाच काळीं कशा वावरत होत्या, हें दाखविलें.

या पद्धतीचा मूळ सिद्धान्त आम्हांस मान्य आहे. कोंकणच्या किनाऱ्याचा इतिहास तांबड्या समुद्राच्या इतिहासावांचून लिहितां येत नाहीं, हें सोपारें, कल्याण व चौल यांचीं नांवें ज्यांत आहेत तें पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णन वाचणारास सांगावयास नको. आक्षेप आहे तो सिद्धान्तावर नसून, तो वर्गांत जसा उतरतो त्या रूपावर. क्रमिक पुस्तकांत संबंध म्हणजे नकाशावरील बाण. रेशीम या बाणानें गेलें, कागद त्या बाणानें आला, धर्म तिसऱ्या बाणानें पसरला. बाणाला सुरुवात असते व टोंक असतें. मध्यें कोणी नसतें. वाटेंत काय हरवलें, कोणीं काय बदललें, कोण स्वखुषीनें गेला व कोणास बळानें नेलें, यांपैकीं कांहींच बाण सांगत नाहीं. जुन्या पद्धतींतील भिंत गेली खरी, परंतु तिच्या जागीं गुळगुळीत रस्ता आला. जुना कागद हाताळणारास ठाऊक असतें कीं, असा रस्ता कोठेंच नव्हता. पुढील तीन उदाहरणांवरून हें स्पष्ट होईल.

(१) पंचतंत्राचा प्रवास

संबंधमूलक इतिहासाच्या अध्यापकांचें हें आवडतें उदाहरण. हिंदुस्थानांतील नीतिकथा इराणांत, तेथून अरबस्तानांत व तेथून युरोपांत गेल्या, असें एका वाक्यांत सांगतात. आपल्याकडील वाचकासही तें ऐकून समाधान वाटतें. परंतु हस्तलिखितांची साक्ष काढिली तर हें एक वाक्य टिकत नाहीं.

खुस्रू अनुशीर्वान (इ. स. ५३१-५७९) याच्या काळीं बुर्झोय नांवाच्या वैद्यानें हा ग्रंथ पहलवी भाषेंत नेला, असें परंपरा सांगते. तें पहलवी भाषांतर आज उपलब्ध नाहीं. ज्या संस्कृत प्रतीवरून तें केलें ती प्रतही नाहीं. म्हणजे साऱ्या साखळीचे पहिले दोन दुवे नष्ट झालेले आहेत. पहलवीवरून इ. स. ५७० च्या सुमारास सुरियानी भाषेंत जें भाषांतर झालें, त्याचें एकुलतें एक हस्तलिखित एकोणिसाव्या शतकांत मार्दीन येथें सांपडलें व बिकेल यानें तें १८७६ मध्यें छापिलें. दुसरी शाखा अरबी. जन्मानें इराणी असलेल्या इब्न अल्-मुकफ्फा यानें इ. स. ७५० च्या सुमारास पहलवीवरून 'कलीला व दिम्ना' रचिलें. करटक व दमनक हीं मूळ नांवें त्यांत अशीं रूपांतर पावलीं. पण त्याच्या हातची प्रत नाहीं. अब्दुल वह्हाब अज्जाम यांनीं १९४१ मध्यें जिच्या आधारें आपली आवृत्ति काढिली ती प्रत इ. स. १२२१ ची आहे. लेखक व प्रत यांत साडेचारशेंहून अधिक वर्षांचें अंतर पडलें, आणि ज्या प्रती राहिल्या त्यांत परस्पर पाठभेद इतके आहेत कीं, अमुकच मूळ पाठ असें म्हणणें कठीण पडतें.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. सुरियानी प्रतींत नसलेलें एक प्रकरण अरबींत आढळतें, तें दिम्नाच्या न्यायचौकशीचें. पंचतंत्रांत कपटी दमनक आपला डाव साधून मंत्रिपद भोगतो. अरबी ग्रंथांत त्याच दिम्नावर खटला चालून त्यास देहान्त शासन होतें. हें प्रकरण इब्न अल्-मुकफ्फा याची भर असावी असें विद्वान् मानतात. राजनीतीच्या ग्रंथास येथें न्यायाची पुरवणी जोडली गेली. आणि ती जोडणारा पुरुष पुढें थोड्याच वर्षांत सत्ताधाऱ्यांच्या रोषास पात्र होऊन मारला गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती भर केवळ शोभेची नव्हे हें उघड होतें. अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकांत कापुआच्या योहानाचें लॅटिन, लॅटिनवरून जर्मन, आणि त्याच परंपरेंतील इटालियन रूपांतरावरून टॉमस नॉर्थ याचें १५७० सालचें इंग्रजी, असा पुढचा क्रम आहे. दुसरीकडे फारसींत काशिफी याचें 'अन्वार-इ-सुहेली' झालें, १५८८ मध्यें अबुल फजल यानें तोच विषय सोप्या फारसींत उतरविला, आणि कंपनीच्या अंमलांत हिंदुस्थानांत येणाऱ्या इंग्रज कारकुनांस फारसी शिकविण्यास हेलीबरीच्या विद्यालयांत हेंच काशिफीचें पुस्तक लावीत असत. जो ग्रंथ येथून गेला असें आपण म्हणतों, तो बाराशें वर्षांनीं परक्या राज्यकर्त्याच्या बगलेंत क्रमिक पुस्तक होऊन परत आला.

मराठीचाही यांत भाग आहे. तंजावर येथें सरफोजी राजांच्या छापखान्यांत १८०६ मध्यें इसापाच्या गोष्टी मराठींत छापल्या गेल्या. मुंबईंत १८२२ मध्यें 'पंचोपाख्यान' छापून निघालें. मराठी मुद्रणाच्या अगदीं आरंभींच, सोळा वर्षांच्या आंत, नीतिकथांचे हे दोन ओघ, एक युरोपाकडून आलेला व दुसरा घरचा, मराठी अक्षरांत शेजारीं येऊन बसले. हीं दोन पुस्तकें समोर ठेवून जो धडा शिकवितां येईल तो नकाशावरील कोणत्याही बाणानें शिकवितां येणार नाहीं.

थिओडोर बेन्फी यानें १८५९ मध्यें या संशोधनाचा पाया घातला व एडगर्टन यानें १९२४ मध्यें लुप्त मूळ संहिता पाठभेदांवरून पुन्हां बसविण्याचा प्रयत्न केला. दोघांच्याही श्रमांतून जें निष्पन्न होतें तें असें कीं, आमचें ज्ञान तिकडे गेलें, हा अभिमान जितका अपुरा, तितकेंच, सर्व कांहीं मिश्र असून कोणाचेंच कांहीं नाहीं, हें नव्या शिक्षकांचें म्हणणेंही अपुरें. प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी नांवाचा मनुष्य बसलेला होता; त्यानें कांहीं घेतलें, कांहीं टाकिलें, कांहीं स्वतःचें घातलें.

(२) फुस्तातची कोठी

दुसरें उदाहरण रद्दीचें. जुन्या कैरोंतील, म्हणजे फुस्तातमधील, बेन एझ्रा या यहुदी प्रार्थनामंदिरांत निरुपयोगी झालेले कागद टाकण्याची एक कोठी होती. तीस गेनीझा म्हणतात. ज्या कागदावर ईश्वराचें नांव असण्याचा संभव, तो फाडूं अथवा जाळूं नये, या धर्मभावनेनें तेथें शतकानुशतकें हरतऱ्हेचा कागद सांचत गेला. १८९६-९७ च्या हिवाळ्यांत सॉलोमन शेख्टर यानें त्यांतील मोठा भाग केंब्रिजला नेला. तेथील संग्रहांतच सुमारें १,९३,००० तुकडे आहेत. या तुकड्यांत हिंदुस्थानच्या व्यापाराचींही पत्रें निघालीं. गोइटाइन यांनीं आपलें आयुष्य यांस वाहिलें. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सहकारी फ्रीडमन यांनीं या पत्रांचा मोठा इंग्रजी ग्रंथ २००८ मध्यें प्रसिद्ध केला.

या पत्रांतील मुख्य पुरुष अब्राहाम बेन यीजू. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील महदिया हें त्याचें मूळ गांव. तो एडनमार्गें मलबारच्या किनाऱ्यास येऊन इ. स. ११३२ ते ११४९ च्या सुमारापर्यंत बहुतेक इकडेच राहिला. त्यानें येथें कांशाच्या भांड्यांचा कारखाना चालविला. एडनहून जुनीं मोडकीं भांडीं नव्यानें घडविण्यास त्याजकडे येत. मंगळूर येथें ऑक्टोबर ११३२ मध्यें त्यानें अशू नांवाच्या दासीस मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे. बोम्मा नांवाचा त्याचा एक चाकर मालकाच्या वतीनें एडनपर्यंत व्यवहारास जात असे. एडनचा मोठा व्यापारी मद्मून याचीं पत्रें आहेत. त्यांत मालाच्या हिशेबाबरोबर, आपल्या मित्रास भेट म्हणून कागद पाठविल्याचे उल्लेख आहेत, कारण लिहिण्याचा कागद इकडे त्यास दुर्मिळ होता. म्हणूनच आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर बेन यीजू आपले हिशेब व मसुदे लिहीत असे.

वर्गांत हें उदाहरण सांगतांना हिंदी महासागरावर सर्व धर्मांचे लोक सलोख्यानें व्यापार करीत, असा सुखद निष्कर्ष काढितात. तो खोटा नाहीं, पण अर्धा आहे. अशू व बोम्मा यांच्या हातचें एकही अक्षर नाहीं. ज्या दोघांच्या अंगावरून हा संबंध प्रत्यक्ष गेला, त्यांविषयीं आपणांस जें कळतें तें मालकाच्या कागदांतून. आणि दासीस मुक्त केल्याचा लेख झाला म्हणजे त्याआधीं ती दासी होती, हेंही शिक्षकानें सांगितलें पाहिजे. जेथें लेखणी एकाच पक्षाच्या हातीं होती तेथें संबंधाची कथाही एकाच पक्षाची राहणार. हें न सांगतां संबंध शिकविणें म्हणजे मालकाचेंच म्हणणें पुढें चालविणें होय.

दुसरी गोष्ट लिपीची. या पत्रांची भाषा बहुतांशीं अरबी व लिपी हिब्रू. अरबीचे जाणते लिपी पाहून त्यांस हात लावीत नव्हते, आणि हिब्रूचे जाणते धर्मग्रंथ शोधीत असल्यामुळें हिशेबाच्या चिठ्ठ्यांकडे वळत नव्हते. दोन शास्त्रांच्या सीमेवर पडलेला कागद दोहोंसही परका झाला. संग्राहकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें, कारण आपल्याकडेही तोच प्रकार आहे, आणि पुढील उदाहरण त्याचेंच.

(३) राचोलचा ग्रंथ

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशरचा; रोम येथें जेझुइट संघांत शिरून लिस्बनहून १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आला. येथें त्यानें मराठी आत्मसात करून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचिलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टींतील राचोल येथें १६१६ मध्यें रोमन अक्षरांत छापिला गेला. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापला. इंग्लंड, रोम, पोर्तुगाल व गोमांतक हे एका मराठी पोथींत एकत्र आले. संबंधमूलक इतिहासास याहून चांगलें उदाहरण मराठींत मिळणार नाहीं, आणि तें तसें सांगितलेंही जातें. स्टीफन्सनें १५८३ च्या ऑक्टोबरांत भावास लिहिलेल्या पत्रांत इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी असल्याचें नमूद केलें, हेंही भाषाशास्त्राच्या इतिहासांत कौतुकानें सांगतात.

परंतु या पत्राच्या आधीं तीन महिन्यांवर काय घडलें तें त्याबरोबर सांगत नाहींत. जुलै १५८३ मध्यें साष्टींतील कुंकळ्ळी गांवीं पांच जेझुइट मारले गेले; त्यांत अकबराच्या दरबारांतून नुकताच परतलेला रुडॉल्फ आक्वाविवा हाही होता. पुढें पोर्तुगीजांनीं बोलणीं करण्याच्या निमित्तानें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार मारिलें. त्याहीपूर्वीं, १५६७ मध्यें, साष्टींतील देवळें पाडण्याची मोहीम राचोलच्याच किल्लेदारानें चालविली होती. आणि गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन १५६० पासून बसलें होतें. देवळें गेल्यावर व पुराणें वाचण्याची मनाई झाल्यावर नवख्रिस्त्यांस वाचावयास कांहीं तरी हवें, या गरजेंतून हें पुराण निपजलें. म्हणजे हा संबंध एका संबंधाच्या विच्छेदावर उभा आहे. ग्रंथकर्त्याचें मराठीवरील प्रेम खरें आणि ज्या राज्यांत तें प्रकट झालें त्या राज्याची जबरदस्तीही खरी. यांतील एक सांगून दुसरें झांकणें हा इतिहास नव्हे.

पुढें १६८४ च्या फर्मानानें देशी भाषेचा त्याग करून पोर्तुगीज शिकावी असा हुकूम झाला. तीनही मुद्रित आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातांनीं उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें आवृत्ति काढिली. देवनागरी प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहांत जस्टिन अॅबट यांस आढळली. आणि पुण्यास शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ मध्यें निघाली. छापील पुस्तक टिकाऊ व हस्तलिखित नाशवंत, हा सर्वसाधारण समज येथें उलटा ठरतो. ज्या भाविकानें कोठें तरी गांवांत बसून ओवी ओवीनें ही पोथी उतरिली, त्याच्या श्रमांमुळेंच मराठीच्या हातीं हा ग्रंथ राहिला. येथेंही भाषा मराठी व लिपी रोमन. त्यामुळें देवनागरी पोथ्या हुडकणारांच्या नजरेंतून हीं हस्तलिखितें फार काळ सुटलीं.

(४) उपसंहार

या तीन उदाहरणांवरून नव्या पद्धतीविषयीं आमचा अभिप्राय असा होतो. जगाचा इतिहास संबंधांवरूनच शिकवावा. परत खोल्यांच्या घरांत जाण्यांत अर्थ नाहीं. आधीं स्वदेशाचा इतिहास पक्का करावा व मग जगाकडे वळावें, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांस उत्तर इतकेंच कीं, ज्यास ते निव्वळ स्वदेशाचा म्हणतात तो इतिहासही जगाच्या वाटेनेंच आपल्या हातीं आलेला आहे: पंचतंत्राच्या मूळ संहितेचा शोध सुरियानी व अरबी साक्षीवांचून पुरा होत नाहीं, आणि ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत लंडनमध्यें सांपडते. परंतु संबंध शिकवावयाचा तर तीन पथ्यें पाळलीं पाहिजेत. पहिलें, मध्यस्थांचीं नांवें सांगावीं. कोणताही ग्रंथ वा वस्तु आपोआप प्रवास करीत नाहीं. दुसरें, जें हरवलें तेंही सांगावें. लुप्त दुव्यांचा उल्लेख न करतां साखळी अखंड म्हणून दाखविणें ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे. तिसरें, संबंध कोणत्या दाबाखालीं जुळला तें सांगावें; व्यापार, दास्य व धर्मसत्ता यांस एकाच रंगाच्या बाणांनीं दाखवूं नये.

हीं पथ्यें शिक्षकांस एकट्यानें पाळतां येणार नाहींत. त्यांस सामग्री पुरविणें हें संग्राहकांचें काम आहे. आजवर आपल्याकडील याद्या भाषेवार, लिपीवार व धर्मवार केल्या जातात. पुष्कळ संग्राहक पोथीचें नांव व कर्ता एवढेंच टिपून थांबतात. यापुढें प्रत्येक बाडाच्या नोंदींत भाषा व लिपी निरनिराळ्या लिहाव्या. कागद कोठला तें ओळखतां येत असल्यास नोंदावें. पुष्पिकेंतील लेखनिकाचें नांव, गांव व तिथि सोडूं नये. आणि पाठीमागील कोऱ्या बाजूवर हिशेब, औषधाचे पाठ अगर निरोप खरडलेला असेल तर तो मुख्य मजकुराइतकाच जपून उतरून घ्यावा. ग्रंथ नव्हे म्हणून बाजूस टाकलेलीं सुटीं पानें, हुंड्या, जकातीचे दाखले, गलबतांच्या याद्या, दोन लिप्यांतील खर्डे, हीं वाण्याच्या पुड्यांस जाण्यापूर्वीं वेगळ्या रुमालांत बांधून ठेवावीं. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला तेव्हां असल्याच कागदांनीं मराठ्यांच्या इतिहासाची मांडणी पालटली. जगाच्या इतिहासांत मराठी कागदांस जागा मिळावयाची असेल तर तीही याच वाटेनें मिळेल, अभिमानाच्या वाक्यांनीं मिळणार नाहीं. ज्यांच्या घरीं असा कागद असेल त्यांनीं त्याची नोंद या रीतीनें आजच करून ठेवावी, एवढी सूचना करून हें परीक्षण पुरें करितों.